अडुसष्ट पायऱ्यांच्या फणसळकर काकू

"अगं, तू आत आहेस. मला तुझे पाय दिसतायत."

हे वाक्य माझ्या दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून आत आलं. एडिंबरात राहायला येऊन मला नऊ दिवस झाले होते. बेल वाजली की श्वास रोखून उभं राहायचं आणि माणूस निघून जाईपर्यंत हलायचं नाही, अशी माझी पद्धत होती. पुण्यात ती नेहमी यशस्वी व्हायची. इथे ती मराठीत पकडली जाईल असं वाटलं नव्हतं.

"काळे मोजे," आवाज पुढे म्हणाला. "डाव्या अंगठ्याला भोक आहे. उघड दार."

मी दार उघडलं. फटीशी वाकलेल्या बाई सावकाश सरळ झाल्या, तरी माझ्या खांद्याच्या वर आल्या नाहीत. सुती साडी, त्यावर पुरुषी कोट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा आणि हातात टोस्टला लोणी लावायची सुरी.

"पार्सलवर तुझं आडनाव वाचलं. मी फणसळकर. तिसरा मजला. तुझ्या खिडकीत तो प्लास्टिकचा पडदा आहे ना, तो बघायला बाहेर ये."

"माझाच पडदा?"

"तुझा आतून. बाहेरून तो सगळ्यांचा."

त्यांनी मला मोज्यांवरच रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर नेलं आणि आमच्या इमारतीकडे तोंड करून उभं केलं. मी ती जागा इंटरनेटवर भाड्याने घेतली होती. तिथे लिहिलं होतं, "ऐतिहासिक जॉर्जियन टेरेस." मला वाटलं होतं, गच्ची असेल. प्रत्यक्षात ती भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरांची लांबलचक ओळ होती. सगळी एका रंगाच्या दगडाची, एका उंचीची, शाळेच्या फोटोसाठी उभी केल्यासारखी. आमच्या दाराच्या आत एकच जिना होता आणि त्यावर मजल्यागणिक एकेक बिऱ्हाड.

"दोनशे वर्षं उभी आहे ती," काकू म्हणाल्या. "आपण दोन मिनिटं उभं राहून बघायला काय जातं?"

मी बघितलं. पहिल्या मजल्याच्या खिडक्या माणसापेक्षा उंच होत्या, दुसऱ्याच्या जरा कमी आणि तिसऱ्याच्या जवळजवळ चौकोनी. काकूंनी समजावलं की श्रीमंत लोक पहिल्या मजल्यावर राहायचे, म्हणून तिथे उजेड भरपूर. वर जावं तसा पैसा कमी आणि खिडकीही कमी. त्या स्वतः सगळ्यात वर होत्या. समोरचा दगड तासून गुळगुळीत केलेला होता. मागच्या बाजूला मात्र, त्या म्हणाल्या, ओबडधोबड धोंडे होते. "पुढून शालू, मागून गोधडी. पण कुणाला मागून बघायला बोलवायचं नसतं."

आणि या सगळ्या शिस्तीच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, माझा पांढरा प्लास्टिकचा पडदा होता. मला एकदम तो दिसला. नंतर दुसरं काही दिसेना.

घरात परत आल्यावर काकूंनी खिडकीच्या बाजूच्या लाकडी भिंतीत सुरी घातली. मला ती भिंतच वाटत होती. त्यांनी रंगाच्या थरांमधून सुरी वरून खाली ओढली, हाताच्या पंज्याने एक धक्का दिला, आणि भिंतीतून करकरत एक लाकडी झडप बाहेर आली. मग दुसरी. खिडकीच्या दोन्ही बाजूंना त्या घडी घालून ठेवलेल्या होत्या आणि किती वर्षं कोण जाणे रंगाखाली बंद होत्या.

"हे घे. पडदा घरातच होता," काकू म्हणाल्या आणि सुरी कोटाच्या खिशात टाकून निघून गेल्या. चहा विचारायचं मला सुचलंच नाही.

काकू मूळच्या मिरजेच्या. लग्नाआधी सांगलीला बांधकाम खात्यात ट्रेसर होत्या. इंजिनिअरने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून शाईने तो पुन्हा काढायचा, हे काम. भूल देणारे डॉक्टर असलेल्या नवऱ्याबरोबर त्या इकडे आल्या आणि इथल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तेच काम करत राहिल्या, कॉम्प्युटर येईपर्यंत. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या," त्या सांगायच्या, "म्हणून कोणाची वाकडी आहे ते लगेच कळतं." त्या माणसांनाही तसंच मोजत. चांगल्या माणसाला म्हणत, "त्याची रेघ बरी आहे." माझ्याबद्दल वर्षभर काही बोलल्या नाहीत. एकदा फोनवर कोणाला तरी सांगताना मी ऐकलं, "मुलगी पेन्सिलीत आहे अजून. शाई भरायची आहे."

त्यांच्या घराला रस्त्यावरून तीन खिडक्या दिसत आणि आतून दोनच असत. तिसरी खोटी होती. त्या जागी आतून धुराडं जात होतं, पण बाहेरच्या ओळीत खिडकी हवी, म्हणून बांधणाऱ्यांनी दगडात खिडकीएवढा खळगा केला होता, त्याला काळा रंग दिला होता आणि त्यावर पांढऱ्या पट्ट्या रंगवल्या होत्या. हे काकूंना इथे आल्यावर महिन्याभराने कळलं. "मी डॉक्टरांना म्हटलं, अहो, आपल्याला फसवलं. पण तोवर आईला मिरजेला पत्र गेलं होतं, घराला तीन खिडक्या आहेत म्हणून." मग त्यांनी आतल्या कोऱ्या भिंतीवर, खोट्या खिडकीच्या बरोबर मागे, पडद्याची दांडी ठोकली आणि पडदा लावला. तो अजूनही तिथेच होता. दिवाळीला तो इतर दोघांबरोबर धुतला जायचा.

जिन्याची एक जुनी रीत होती. दाराच्या मुठीला एक पाटी अडकवलेली सापडली की समजायचं, या आठवड्यात जिना धुवायचा मान आपला. धुऊन झालं की ती पुढच्याच्या दाराला. माझ्या दारावर पाटी पहिल्यांदा आली तेव्हा मी मॉप घेऊन खालून वर गेले. काकूंनी वरून पाहिलं आणि ओल्या पायऱ्यांवरचे माझ्याच पावलांचे ठसे मला दाखवले.

पूर्वी इथल्या बायका जिना धुतल्यावर पायरीच्या कडेला पांढऱ्या मातीने वेलबुट्टी काढायच्या. काकूंना ते दुसऱ्या मजल्यावरच्या मिस ग्रँटच्या आईने शिकवलं होतं. ती आई गेली, माती मिळेनाशी झाली. काकू ओल्या खडूने काढत राहिल्या. फक्त वेलबुट्टीच्या जागी हळूहळू त्यांच्या हाताला सवयीचं होतं ते आलं. चातुर्मासात आमच्या दारासमोरच्या पायऱ्यांवर तेहतीस गोपद्मं असत.

एका सकाळी मी खिडकीशी बसून ऑफिसचं काम करत होते. बाहेर छत्री उंच धरलेला एक गाइड पंधरा पर्यटकांना घेऊन थांबला. त्याने गोपद्मांकडे बोट दाखवून सांगितलं की जुन्या कामकरी बायकांची ही नक्षी आता या एकाच दारापाशी शिल्लक आहे, आणि तिची वळणं या भूमीइतकीच प्राचीन आहेत. लोक फोटो काढायला लागले. तेवढ्यात काकू पिशवी घेऊन बाहेर आल्या. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. एका बाईंनी कौतुकाने विचारलं, "आणि तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"तिसऱ्या मजल्यावरच्या," काकू इंग्रजीत म्हणाल्या आणि भाजी आणायला गेल्या.

"काकू, त्याला खरं का नाही सांगितलंत?" मी नंतर विचारलं.

"इतकं मनापासून पाठ केलं होतं त्याने. आणि गाय काय पासपोर्ट घेऊन फिरते?"

दर रविवारी अकरा वाजता मी लॅपटॉप घेऊन वर जायची. काकूंचा हात थरथरायला लागला होता आणि त्यांना पत्रं लिहायची असत. ही पत्रं म्हणजे हरकती. आमच्यासारख्या जुन्या, वारशाच्या सरकारी यादीतल्या इमारतीत काहीही बदलायचं तर कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, अर्ज करावा लागतो. अर्ज आला की दिव्याच्या खांबावर नोटीस लागते, आणि कोणालाही हरकत घेता येते. हे "कोणीही" म्हणजे गेली तीस वर्षं काकू होत्या. समोरच्यांच्या प्लास्टिकच्या खिडक्या, कोपऱ्यावरच्या हॉटेलची चमकती पाटी, कोणाचं तरी नारिंगी दार. त्या मराठीत सांगत आणि मी इंग्रजीत टाइप करी. शेवटी त्या दर वेळी विचारत, "कळावे, लोभ असावा, लिहिलंस?" मी "हो काकू" म्हणायची आणि "युअर्स फेथफुली" लिहायची.

पहिल्या मजल्यावरच्या कॅलमच्या सायकलीबद्दल त्यांनी जे पत्र लिहिलं होतं ते माझ्याआधीचं. जिन्याच्या मधल्या चौकात कोणतीही वस्तू ठेवू नये, आग लागल्यास अडथळा होतो, असं त्यात तीन पानं भरून होतं. कॅलम शाळेत भूगोल शिकवायचा, मोठा हसरा माणूस. त्याने ते पत्र चौकट करून संडासात लावलं होतं आणि पाहुण्यांना मुद्दाम तिकडे पाठवायचा.

मग त्या हिवाळ्यात काकूंचा गुडघा गेला. दुकानातून येताना दुसऱ्या मजल्याच्या खालच्या पायरीवर त्या बसल्या आणि त्यांना उठता येईना. तास झाला. मिस ग्रँट बाहेर निघाल्या तेव्हा काकू कठड्याची लोखंडी नक्षी तपासत असल्यासारखं करत होत्या.

त्यांचा मुलगा शिरीष लंडनजवळच्या स्लाऊहून धावत आला. शिरीषदादा इथेच वाढलेला. मराठी प्रेमाने बोलायचा, पण मिळेल त्या प्रत्ययाने.

"आई, तुझा गुडघा संपली आहे. आणि जिना तर खूप डेंजरस. तू माझ्या घरी ये. खाली बेडरूम आहे, बाथरूम आहे."

"मी पाहिलंय तुझं घर. त्याला पुढची बाजूच नाही. आधी गॅरेज, मग दार."

"मग मी इथे काहीतरी अरेंज करतो. पण दोन्हीपैकी एक तुला घ्यावं लागेल. उन्हाळ्याच्या आत. मी सीरियस आहे, आई."

"मी कधी विनोदी होते?" काकू म्हणाल्या. पण तो गेल्यावर त्या बराच वेळ खिडकीशी उभ्या होत्या. "तिथे मी काय बघू गं?" त्यांनी विचारलं.

मार्चमध्ये एका रविवारी मी वर गेले तर काकू कोट घालूनच बसल्या होत्या, गाल लाल.

"खांबावर नोटीस आहे. आपल्या जिन्याची! कोणाला तरी पायऱ्यांवर रूळ टाकून बसून वर जायची खुर्ची लावायची आहे. पायऱ्यांना भोकं! हे कॅलमचं काम. सासू येणार असेल. सायकलीचा सूड घेतोय. लिही."

मी लिहायला लागले. त्या दिवसासारखं त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"महोदय, या जिन्याची प्रत्येक पायरी एका टोकाने भिंतीत आहे आणि दुसऱ्या टोकाने हवेत. खाली खांब नाही, तुळई नाही. ती फक्त खालच्या पायरीच्या भरवशावर उभी आहे. एकीला भोक पाडलं तर ते अडुसष्ट जणींना कळतं. लिहिलंस? आता पुढे. अर्जदाराला जिना चढवत नसेल, तर त्याने जिना बदलू नये, घर बदलावं. कळावे, लोभ असावा."

मी खाली येऊन कौन्सिलच्या वेबसाइटवर अर्ज उघडला. हरकत पाठवताना अर्जाचा नंबर लागतो. नंबराच्या खाली अर्जदाराचं नाव होतं. मिसेस एस. फणसळकर, तिसरा मजला. त्यांच्या वतीने, शिरीष फणसळकर.

मी ते तीनदा वाचलं. त्याखाली लिहिलं होतं की जिन्यातल्या इतर सगळ्या मालकांनी संमती दिली आहे. कॅलमनेही. काकूंना विचारलं तर त्या नकार देतील, म्हणून सगळ्यांनी मिळून गुपचूप ठरवलं होतं.

हरकत न पाठवता "पाठवली" म्हणणं मला जमलं असतं. लोभाच्या बाबतीत मी दर रविवारी तेच करत होते. पण मी अडुसष्ट पायऱ्या चढून वर गेले आणि लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला.

काकूंनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा वाचलं.

"कॅलमनेही सही केली?"

"हो."

"गाढव आहे." आवाज जरा ओला होता. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली; त्या उठल्या नाहीत.

"काकू, पाठवायची नाही ना?"

"पायरीबद्दल जे लिहिलंय ते बरोबर आहे ना?"

"मला त्यातलं कळत नाही."

"मला कळतं. बरोबर आहे. पाठव."

"निदान ते वाक्य काढते. घर बदलावं, ते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कॅलमसाठी होतं तेव्हा ठेवलं होतंस ना? मग राहू दे."

मी पाठवली. संपूर्ण जिन्यातून त्या अर्जाला एकच हरकत गेली, ती अर्जदाराची.

कौन्सिलमधून आधी एक अतिशय सभ्य पत्र आलं. अर्जदार आणि हरकतदार यांनी शक्य झाल्यास आपसांत चर्चा करावी, असं त्यात सुचवलं होतं. काकू म्हणाल्या, "झाली आहे." महिन्याने दुसरं पत्र आलं. हरकतीतला तांत्रिक मुद्दा योग्य असल्याने अर्ज नामंजूर.

"जिंकले!" काकूंनी टेबलावर हात आपटला. मग हात तिथेच राहिला. जिंकल्याचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचायला साधारण चार सेकंद लागले.

पुढच्याच शनिवारी शिरीषदादा आला. गाडीत घडी घातलेली खोकी होती. आम्ही सगळे तळमजल्यावर, जिन्याच्या पायथ्याशी जमलो होतो: कॅलम, मिस ग्रँट, काकू, मी. वर काचेच्या घुमटातून ऊन येत होतं आणि सगळ्यांचे आवाज घुमत होते, त्यामुळे साधं बोलणंसुद्धा भांडणासारखं वाटत होतं.

"स्वतःच्या अर्जाला कोण ऑब्जेक्ट करतो, आई?"

"ज्याला जिना कळतो तो. हे बघ, मला रूळ नकोत. प्रत्येक चौकात एक खुर्ची पुरे. बसत बसत वर जाईन."

कॅलमने घसा साफ केला. "मिसेस एफ," तो म्हणाला, "चौकात कोणतीही वस्तू ठेवू नये. आग लागल्यास अडथळा होतो." तिन्ही पानं त्याला पाठ होती. त्याने पहिलं पान म्हणून दाखवलं.

कोणी हसलं नाही. काकूंनी मान खाली घातली. शिरीषदादा हळूच म्हणाला, "चल, आई. मी खोकी आणतो."

"चौकात नाही म्हणालो," कॅलम म्हणाला. "माझ्या दाराच्या आत ठेवता येईल. आत काय ठेवायचं ते मी ठरवतो."

मिस ग्रँट चार वाक्यांत मिळून एक शब्द बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे आईची आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या घरात एकच खुर्ची होती आणि वर्षभरात काकूंशिवाय कोणी आत आलेलं नव्हतं. मी आत जाऊन ती दाराशी आणून ठेवली.

आईला किती वेळ लागतो ते बघायला शिरीषदादा हातात घड्याळ धरून तिसऱ्या मजल्यावर जाऊन थांबला. काकू माझ्या खुर्चीवर पाच मिनिटं बसल्या आणि माझ्या वर-खाली सरकणाऱ्या खिडकीची दोरी बदलायला झाली आहे असं सांगून उठल्या. चोवीस पायऱ्या चढून कॅलमकडे. तिथे चहा झाला, आणि त्याच्या दिवाणखान्याच्या छताच्या कडेच्या द्राक्षवेलीच्या नक्षीवर रंगाचे इतके थर चढले आहेत की द्राक्षांचे बटाटे झाले आहेत, हे त्याला ऐकावं लागलं. बावीस पायऱ्यांवर मिस ग्रँट. तिथे तर आईचे जुने फोटो निघाले. मी पिशवी धरून मागे मागे होते.

तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा शिरीषदादा पायरीवर बसून पेंगत होता.

"एक तास चाळीस मिनिटं, आई! एक तास!"

"गुडघ्याला वीस लागली. बाकीची लोकांना लागली." काकूंनी कुलूप उघडलं. "तुला घाई असेल तर स्लाऊला जा. जेवायला थांबणार असशील तर आमटी आहे."

तो जेवायला थांबला. खोकी रिकामीच परत गेली; जाताना त्याने कॅलमचा हात बराच वेळ हातात धरला होता.

वर्षभराने माझी लंडनला बदली झाली. काकूंना म्हटलं, खाली येऊ नका, मी वरच येऊन नमस्कार करते. मी वर गेले, नमस्कार केला, त्यांनी हातावर डबा ठेवला. आणि मी बॅगा काढून टॅक्सीत ठेवते तोवर त्या अडुसष्ट पायऱ्या उतरून दारात. टॅक्सीवाल्याने माझी एक बॅग दारासमोरच्या लोखंडी कठड्याला टेकवली होती, ती आधी त्यांनी त्याला बाजूला घ्यायला लावली.

"नीट राहा," त्या मला म्हणाल्या. "बेल वाजली की उघडत जा." आणि मी काही बोलायच्या आत वळून जिन्याकडे गेल्या, कारण वर जायला वेळ लागतो.

टॅक्सीवाला रस्ता मोकळा व्हायची वाट बघत चांगली दहा मिनिटं थांबला. निघताना मी काचेतून वर पाहिलं. काकू पहिल्या मजल्यावर पोचल्या होत्या. त्या उंच खिडकीत त्या पूर्ण दिसत होत्या, पाठमोऱ्या, एक हात छताकडच्या द्राक्षांकडे, आणि शेजारी कॅलम. त्याच्या एका हातात कपबशी होती आणि दुसऱ्या हाताने तो काहीतरी नको नको म्हणत होता. मग त्याने कपबशी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली, आणि ज्यांच्या गुडघ्यासाठी ती खुर्ची तिथे होती त्या फणसळकर काकू साडी सावरून तिच्यावर चढल्या.